चाकाच्या नटाला जोर किती? घरच्या कामासाठी परवडणारा टॉर्क रेंच निवडताना

गाडीच्या डिकीत जो एल पाना असतो, त्याची दांडी साधारण ३० सेंटीमीटर लांब असते. ७० किलो वजनाचा माणूस त्या दांडीच्या टोकावर उभा राहिला, तर नटावर सुमारे २०६ न्यूटन-मीटर टॉर्क येतो. टोयोटाच्या अनेक गाड्यांच्या चाकाच्या नटाला कंपनीने सांगितलेला आकडा १०३ आहे. म्हणजे ‘एकदा पायाने दाबून बघ’ असं म्हणत केलेलं काम बरोबर दुप्पट जोर लावून मोकळं होतं. तीच गोष्ट उलट्या बाजूने पाहा. इंजिनावरच्या १० नंबर पान्याच्या छोट्या बोल्टला बहुतेक ठिकाणी १० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क लागतो. हातभर लांबीचा नाही, जेमतेम १२ सेंटीमीटरचा पाना घेऊन १५ किलोचा हिसका दिला, तरी तिथे साडेसतराच्या वर आकडा जातो. ॲल्युमिनियममधले आटे एवढ्याने जाऊ शकतात, आणि एकदा आटे गेले की शंभर रुपयांच्या कामाचं काही हजारांचं काम होतं.

हाताचा अंदाज वाईट नसतो. वर्षानुवर्षं तेच काम करणाऱ्या फिटरचा हात बराच बरोबर चालतो. पण आपण वर्षातून दोनदा ऑइल बदलणार, कधी प्लग काढणार, कधी चाकं आलटून-पालटून लावणार. एवढ्यावर हात तयार होत नाही. म्हणून घरी गाडीचं थोडंफार काम करणाऱ्याने गोटी सेटनंतर (गोटी म्हणजे नटावर टोपीसारखं बसणारं सॉकेट) दुसरी खरेदी करायची ती टॉर्क रेंचची, म्हणजे नट किती जोराने आवळला जातोय ते कळवणाऱ्या पान्याची, असं मला मनापासून वाटतं. आणि तो महागडा असायची गरज नाही. गरज आहे ती योग्य रेंजचा असण्याची. घोळ होतो तो इथेच: लोक कंपनीचं नाव आणि किंमत पाहतात, रेंज बघत नाहीत.

टॉर्क म्हणजे नेमकं काय मोजतो आपण

टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. लावलेला जोर गुणिले मध्यापासूनचं अंतर, एवढाच हिशेब. एक मीटर लांब दांडीच्या टोकाला एक न्यूटन, म्हणजे साधारण १०२ ग्रॅम वजनाइतका जोर लावला, की एक न्यूटन-मीटर झाला.

पण नट-बोल्टचं खरं काम टॉर्कने होत नाही, ताणाने होतं. नट आवळला की बोल्ट किंचित लांबतो, आणि ताणलेल्या रबरासारखा परत आखूड व्हायला बघतो. त्या ओढीमुळे दोन भाग एकमेकांवर दाबून बसतात. चाक हबला, म्हणजे ज्या गोल भागावर ते बसवतात त्याला, चिकटून राहतं ते या दाबामुळे. गाडी धावताना चाकाचा भार नटांच्या दांड्यांवर आडवा येऊ नये, तो हब आणि रिम यांच्यातल्या घर्षणाने पेलला जावा, अशी ही रचना असते. ताण कमी पडला तर रिम हलायला लागते, नट हळूहळू सैल होतात. ताण जास्त झाला तर बोल्ट कायमचा लांबतो, आणि मग तो परत आखूड होऊ शकत नाही.

ताण मोजायचं साधन घरी नसतं, म्हणून आपण टॉर्क मोजतो आणि त्यावरून ताण बरोबर आला असेल असं धरतो. हे धरणं किती कच्चं असतं ते आकड्यांत बघण्यासारखं आहे. लावलेल्या १०० भागांपैकी साधारण ५० भाग नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातात, ४० भाग आट्यांमधल्या घर्षणात, आणि उरलेले जेमतेम १० भाग बोल्ट ताणायला मिळतात. १२ मिलिमीटरच्या कोरड्या बोल्टला १०० न्यूटन-मीटर लावले, तर ठोकळ हिशेबाने सव्वाचार टन ताण येतो. त्याच बोल्टच्या आट्यांना तेल लावलं आणि रेंचवर तोच १०० चा आकडा ठेवला, तर ताण साडेपाच टनांच्या पुढे जातो. रेंचने काहीच चूक केलेली नसते. घर्षण बदललं, एवढंच.

उलटंही होतं. रत्नागिरी, मालवण, अलिबाग, गोव्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना हे जास्त कळेल: दोन पावसाळे खाल्लेल्या गाडीच्या चाकाचे आटे गंजून खरखरीत होतात. तिथे रेंच १०० ला कट्ट वाजतो, म्हणजे आकडा गाठल्याची खूण देतो, पण त्यातला बराचसा जोर गंजाशी झुंजण्यातच गेलेला असतो. चाक प्रत्यक्षात कमी दाबाने बसलेलं असतं.

स्वस्त रेंच का चालतो, याचं उत्तर इथेच आहे. हाती वापरायच्या टॉर्क रेंचसाठी आयएसओ ६७८९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. १० न्यूटन-मीटरच्या वरच्या, आकडा लावून वापरायच्या कट्ट-वाल्या रेंचने वाचनात ४ टक्क्यांपेक्षा जास्त चूक करू नये, अशी त्याची अट आहे. बरे स्वस्त रेंच एवढं पाळतात. पण समजा तुमचा रेंच ६-७ टक्के चुकतो. आट्यांची अवस्था, तेल, गंज, वायसरचा पृष्ठभाग यांनी ताणात होणारा फरक सहज २५-३० टक्क्यांवर जातो. त्यामुळे तीन हजारांच्या रेंचऐवजी पंधरा हजारांचा घेण्यापेक्षा पन्नास रुपयांचा तारेचा ब्रश घेऊन आटे साफ करणं चाकासाठी जास्त मोलाचं आहे. चाकाच्या आट्यांना तेल-ग्रीस लावू नये, असं गाडीच्या पुस्तिकांत सांगितलेलं असतं, त्याचं कारणही हेच. पुस्तिकेतला आकडा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी असतो.

रेंज: सगळ्यात महत्त्वाची गोष्ट

दुकानात ‘सगळ्याला चालेल असा द्या’ म्हटलं की हातात मोठा रेंच येतो. सर्वांत जास्त दिसतो तो अर्ध्या इंचाचा (गोटी बसवायची चौकट अर्ध्या इंचाची असलेला), २८ ते २१० न्यूटन-मीटरचा. पुस्तिकेत स्पार्क प्लगला २५ सांगितलेले असतात, जुनं ऑइल काढायच्या ड्रेन बोल्टला ३५-४०, चाकाला १००. २८ पासून सुरू होतो म्हणजे ड्रेन बोल्टलाही चालेल, असं सहज वाटतं.

तसं नसतं. कट्ट-वाल्या रेंचची अचूकता मानकात धरली जाते ती त्याच्या कमाल आकड्याच्या २० टक्क्यांपासून पुढे. २१० चे २० टक्के म्हणजे ४२. त्याखाली पट्टीवर आकडे छापलेले असले, तरी आतली स्प्रिंग जवळजवळ सैल असते आणि तिथे ती कशी वागेल याचा भरवसा देता येत नाही. शिवाय एवढ्या लांब दांडीच्या हाताला ३० न्यूटन-मीटरचा कट्ट जाणवतच नाही. सात किलोच्या आसपासच्या ओढीला तो होऊन जातो, माणूस ओढत राहतो, आणि बोल्ट फिरत राहतो. ड्रेन बोल्टचे आटे जायची ही नेहमीची रीत आहे. महागडा रेंचही इथे वाचवत नाही.

म्हणून आधी कागदावर आपल्या गाडीचे आकडे लिहा. पुस्तिकेत चाकाचा आकडा हमखास असतो. बाकीचे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सापडतात. अंदाज यावा म्हणून काही आकडे देतो. मारुतीच्या जुन्या छोट्या गाड्यांच्या चाकाच्या नटाला ८५, होंडा सिटीला १०८, टोयोटाच्या अनेक गाड्यांना १०३, फोक्सवॅगन पोलोच्या चाकाच्या बोल्टला १२० न्यूटन-मीटर. स्पार्क प्लगचं गणित त्याच्या आट्याच्या जाडीवर असतं: ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये वायसरवाला १४ मिलिमीटरचा प्लग २५ ते ३०, १२ मिलिमीटरचा १५ ते २०, आणि १० मिलिमीटरचा फक्त १० ते १२. होंडाच्या पेट्रोल गाड्यांचा ड्रेन बोल्ट ३९ च्या आसपास. ब्रेक कॅलिपरच्या (डिस्कला पकडणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिनांचे बोल्ट बहुतेक २० ते ३५ मध्ये येतात, पण कॅलिपर ज्या ब्रॅकेटवर बसतो त्याचे बोल्ट खूप जास्त मागतात. ब्रेकचा आकडा अंदाजाने घेऊ नका, त्या मॉडेलचाच शोधा.

आकडे समोर आले की दिसतं, की कामं दोन गटांत पडतात. एक ८० ते १२० चा, दुसरा १० ते ४० चा. दोन्ही गटांना एक रेंच पुरत नाही, आणि हे दुकानदार सहसा सांगत नाही.

तरीही एकच घ्यायचा असेल तर? गाडी छोटी असेल, चाकाचा आकडा १०० किंवा त्याखाली असेल, तर माझी शिफारस थ्री-एट म्हणजे तीन अष्टमांश इंच चौकटीचा, २० ते ११० न्यूटन-मीटरचा रेंच. ११० चे २० टक्के २२ होतात, म्हणजे ड्रेन बोल्ट, १४ मिलिमीटरचे प्लग, कॅलिपरच्या पिना आणि चाकाचे नट, सगळं भरवशाच्या पट्ट्यात येतं. दांडी थोडी आखूड असल्याने चाकाला हात जरा जास्त लावावा लागतो, ८५ साठी साधारण २५ किलोची ओढ. सोबत थ्री-एटवरून अर्ध्या इंचावर जायचा ॲडॅप्टर घेतला की चाकाची गोटी बसते.

गाडी मोठी असेल, चाकाला १२० लागत असतील, तर मात्र दोन रेंचांना पर्याय नाही. चाकासाठी अर्ध्या इंचाचा ४० ते २०० किंवा २८ ते २१०, आणि इंजिनावरच्या बारीक कामासाठी पाव इंच किंवा थ्री-एटचा ५ ते २५ किंवा १० ते ६० मधला. पहिल्यांदा चाकाचा घ्या, कारण चाक सैल राहिलं तर किंमत गाडीतल्या माणसांना मोजावी लागते. प्लगचं काम तोवर फेऱ्याच्या हिशेबाने भागतं. वायसरवाला नवा प्लग हाताने टेकेपर्यंत बसवायचा आणि मग गोटीने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा द्यायचा. प्लगच्या खोक्यावर बहुधा याचं चित्रच असतं.

३०० किंवा ३४० पर्यंत जाणारे रेंच त्याच किमतीत मिळतात आणि ‘जास्त मिळतंय’ असं वाटतं. घरच्या कारला त्याचा उपयोग नाही. उलट खालची मर्यादा ६० च्या वर सरकते.

काट्याचा, कट्ट-वाला की डिजिटल

काट्याचा रेंच सगळ्यात साधा. एक जाड दांडी वाकते, तिच्या शेजारची बारीक दांडी सरळ राहते, आणि तिचं टोक पट्टीवर आकडा दाखवतं. या जातीच्या रेंचचं श्रेय न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा विभागात काम करणाऱ्या कॉनराड बार यांना दिलं जातं. १९१८ च्या सुमारास जमिनीखालच्या नळांचे बोल्ट जास्त आवळले जाऊ नयेत म्हणून त्यांनी तो बनवला. शंभर वर्षांनंतरही या रचनेचा एक गुण कोणी हिरावून घेतलेला नाही: तिच्यात बिघडण्यासारखं काही नाही. काटा शून्यावर नसेल तर हलक्या हाताने वाकवून शून्यावर आणायचा. अडचण एवढीच, की आकडा बरोबर वरून बघावा लागतो. तिरपं पाहिलं की पाच-सातचा फरक पडतो, आणि चाकाशी उकिडवं बसून वरून बघणं अवघड जातं. पैसे अगदीच मोजके असतील तर हा घ्यायला हरकत नाही. बाजारात मात्र आता कमी दिसतो.

कट्ट-वाला रेंच म्हणजे ज्याला सगळे सर्रास टॉर्क रेंच म्हणतात तो. मुठीत एक स्प्रिंग असते. मूठ फिरवून ती दाबायची. तिचा दाब डोक्याजवळच्या एका छोट्या ठोकळ्याला जागेवर धरून ठेवतो. नटावरचा टॉर्क लावलेल्या आकड्याला पोचला की ठोकळा कलंडतो, दांडी नळीच्या भिंतीवर आपटते, कट्ट असा आवाज येतो आणि हाताला झटका जाणवतो. लक्षात ठेवायची गोष्ट ही की रेंच तुम्हाला सांगतो, थांबवत नाही. ओढत राहिलात तर नट पुढे आवळतच जातो.

डिजिटल रेंच वाचायला सोपा, दोन्ही दिशांना चालतो, वेगवेगळी एककं दाखवतो. पण स्वस्त डिजिटलमध्ये बॅटरी आणि ग्रीसचे हात यांचं जमत नाही. त्याचा चुलतभाऊ म्हणजे डिजिटल ॲडॅप्टर, साध्या टॉमीच्या (गोटी फिरवायच्या दांडीच्या) आणि गोटीच्या मध्ये बसणारा छोटा डबा. पडताळणीच्या कामाला तो बरा आहे, एकुलतं एक साधन म्हणून मी तो घेणार नाही.

घरच्या वापराला कट्ट-वाला घ्या.

दुकानात हातात घेऊन काय बघायचं

साध्या कट्ट-वाल्या रेंचच्या किमती आपल्याकडे ढोबळमानाने दीड हजारापासून चार-पाच हजारांपर्यंत पसरलेल्या आहेत. याच्या अगदी खालच्या टोकाला जाऊ नये. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, पुण्यात बोहरी आळी किंवा नाना पेठेत गेलात तर रेंच हातात घेऊन बघता येतो, आणि ऑनलाइन दोनशे रुपये वाचवण्यापेक्षा ते बरं.

मूठ सर्वांत खालच्या आकड्यावरून थोडी वर फिरवा. एकसारख्या ताणाने फिरली पाहिजे, मध्येच अडकली किंवा सैल झाली तर ठेवून द्या. मुठीचं कुलूप लावून पाहा, लावल्यावर मूठ तसूभरही हलता कामा नये. मग पट्टी. आकडे रंगाने छापलेले आहेत की धातूत कोरलेले, हे बोट फिरवून कळतं. रंगाचे वर्षभरात ऑइलने पुसले जातात. न्यूटन-मीटरची पट्टी समोरच्या बाजूला ठळक असावी.

डोक्यातल्या रॅचेटचे दात बारीक असतील तर अडचणीच्या जागी थोड्याशा हालचालीत काम होतं. २४ दातांच्या रॅचेटला दर खेपेला १५ अंश जागा लागते, ७२ दातांच्या रॅचेटला ५ अंश. चाकाला याने काही फरक पडत नाही, इंजिनच्या खोबणीत खूप पडतो.

आणि सोबतचा कागद. स्वस्त रेंचच्या डब्यातही ‘कॅलिब्रेशन सर्टिफिकेट’, म्हणजे अचूकता तपासल्याचा दाखला असतो. त्यावरचा अनुक्रमांक रेंचच्या अंगावर कोरलेल्या क्रमांकाशी जुळतो का बघा, आणि त्याच रेंचची दोन-तीन आकड्यांवरची प्रत्यक्ष वाचनं लिहिलेली आहेत का तेही. नुसताच छापील ‘४ टक्क्यांच्या आत’ असा कागद हजारो डब्यांत एकच असतो. क्रमांक जुळणारा, वाचनं असलेला रेंच चारशे रुपयांनी महाग असेल तर ते चारशे रुपये द्या.

गोट्या वेगळ्या घ्याव्या लागतील. चाकासाठी सहा कोनी आणि खोल गोटी. बारा कोनी गोटी नटाचे कोपरे खाते. मारुती आणि होंडाला बहुतेक १९ ची, टोयोटा-ह्युंदाईला २१ ची, फोक्सवॅगनला १७ ची बसते. अलॉय असतील तर बारीक भिंतीची, रिमवर ओरखडे न काढणारी. नाशिकच्या टपारियाच्या साध्या गोट्यांनी घरचं काम व्यवस्थित होतं.

आकडा कसा लावायचा

पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला ही पट्टी कोड्यात टाकते. अर्ध्या इंचाच्या २८ ते २१० च्या अनेक रेंचांवर नळीवरची मोठी पट्टी १४-१४ च्या पायऱ्यांनी जाते: २८, ४२, ५६, ७०, ८४, ९८, ११२. मुठीच्या गोल कडेवर बारीक आकडे असतात. मुठीचा एक पूर्ण फेरा म्हणजे १४ न्यूटन-मीटर.

टोयोटाच्या चाकाचे १०३ लावायचे असतील तर मुठीची कड ९८ च्या रेषेवर आणा, अशी की मुठीवरचं शून्य नळीवरच्या उभ्या रेषेशी जुळेल. हे झाले ९८. आता मूठ पुढे फिरवून उभ्या रेषेवर ५ आणा. ९८ अधिक ५, १०३. कुलूप लावा. आकडा नेहमी खालून वर चढत लावावा. चुकून पुढे गेलात तर बरंच मागे येऊन परत चढा, म्हणजे स्प्रिंगच्या आट्यांमधली ढिलाई निघून जाते.

एककाकडे डोळ्यांत तेल घालून बघा. जपानी आणि कोरियन गाड्यांच्या पुस्तिकांत किलोग्रॅम-मीटर सापडतात. त्यांना ९.८ ने गुणायचं: १०.५ किलोग्रॅम-मीटर म्हणजे १०३ न्यूटन-मीटर. अमेरिकन व्हिडिओंत नुसतं ‘ऐंशी’ म्हणतात ते फूट-पाउंड असतात. ८० फूट-पाउंड म्हणजे १०८ न्यूटन-मीटर. न्यूजर्सीत राहणाऱ्या भावाने होंडाचा आकडा फोनवर ऐंशी सांगितला आणि पुण्यात तो न्यूटन-मीटर समजून लावला, तर चाकं पाव हिश्शाने ढिली राहतील.

काम करताना

चाक बसवण्याआधी हबचा आणि रिमचा टेकणारा भाग ब्रशने घासून काढा. नट हाताने फिरवून टेकवा. हाताने न फिरता सुरुवातीलाच पान्याची गरज पडली तर आटा तिरका पकडलाय, लगेच थांबा. मग समोरासमोरचे नट घेत, म्हणजे पाच असतील तर चांदणी काढल्यासारख्या क्रमाने, साध्या पान्याने बेताचे आवळा. गाडी जॅकवरून खाली टेकवा आणि मग त्याच क्रमाने टॉर्क रेंच फिरवा. ओळीने एकामागून एक आवळलं तर रिम एका अंगाने आधी बसते, डिस्क किंचित वाकडी धरली जाते, आणि पुढे ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग थरथरतं.

मूठ मधोमध धरा आणि सावकाश, एकसारखं ओढा. कट्ट झालं की सोडा. ‘खात्री म्हणून’ दुसऱ्यांदा वाजवायची सवय जवळजवळ सगळ्यांना असते, ती मोडायला हवी, दर वेळी नट थोडा पुढे सरकतो. आधीच घट्ट असलेल्या नटावर रेंच ठेवला आणि न फिरता कट्ट वाजला, तर ‘टॉर्क बरोबर आहे’ असा अर्थ होत नाही. तो टॉर्क एवढा तरी आहे, इतकंच कळतं. टायरच्या दुकानात हवेच्या गनने २५० लावलेला नटही १०० ला कट्ट वाजवतो. टायर बदलून घरी आलात तर दर नट एकेक करून अर्धा फेरा सैल करा आणि परत आवळा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि पुढे कधी पावसात घाटात स्टेपनी लावायची वेळ आली, तर डिकीतल्या एल पान्याने नट सुटेल याची हमी त्यातून मिळते. अलॉय चाकं असतील तर ५० ते १०० किलोमीटर चालवून पुन्हा एकदा तपासा.

रेंचने नट सोडायचे नाहीत. सोडायला टॉमी वापरा. मुठीवर पाइप चढवायचा नाही. चौकटीच्या सरळ रेषेत लावलेलं एक्स्टेंशन चालतं, त्याने आकडा बदलत नाही. पण दांडीच्या दिशेने लांबी वाढवणारा तोंड-पाना लावला तर बदलतो, आणि तेव्हा हवा असलेला टॉर्क गुणिले रेंचची लांबी, भागिले वाढलेली एकूण लांबी, एवढा आकडा लावायचा.

ज्या बोल्टना ‘४० न्यूटन-मीटर आणि नंतर ९० अंश’ असं सांगितलेलं असतं, ते मुद्दाम ताणून बसवायचे असतात आणि बऱ्याचदा एकदाच वापरायचे. इंजिन हेडची ही कामं घरी करू नयेत.

काम झालं की मूठ सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा. स्प्रिंग महिनोन्‌महिने दाबलेली राहिली तर थकते. खालच्या आकड्याच्याही खाली सोडवत नेऊ नका, आतली जुळणी हलते. बऱ्याच दिवसांनी काढलात तर मधल्या आकड्यावर लावून चार-पाच वेळा रिकामं कट्ट वाजवा, आतलं ग्रीस पसरतं.

घरी पडताळणी

नवा रेंच घरी आला की एकदा तपासून घ्या, फार काही लागत नाही. चौकट व्हाइसमध्ये घट्ट पकडा, रेंच आडवा, आणि खाली ओढल्यावर आवळायची दिशा होईल अशा बाजूने. मुठीच्या मध्यावर दोरीने ओळखीचं वजन टांगा. किराणा दुकानातली वैधमापन खात्याचा शिक्का असलेली लोखंडी वजनं यासाठी उत्तम. १०-१० किलोची दोन मिळाली तर बघा. नसतील तर पाण्याचा कॅन भरून काट्यावर तोलून घ्या.

चौकटीच्या मध्यापासून दोरीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. समजा ४२ सेंटीमीटर आलं. २० किलो गुणिले ९.८१ गुणिले ०.४२ म्हणजे ८२.४ न्यूटन-मीटर. रेंचचं स्वतःचं वजनही थोडी भर घालतं: सव्वा किलोच्या आतबाहेरचा रेंच २० सेंटीमीटरवर तोलला जात असेल, तर सुमारे २.४. एकूण जवळपास ८५. आता रेंच ७५ वर लावून वजन हलकेच सोडा, झटका न देता. कट्ट वाजेल. ९५ वर लावा, वाजणार नाही. मग दोन-दोनने सरकवत सीमा शोधा. ती ८२ ते ८८ च्या मध्ये आली तर रेंच चांगला आहे. ९२ ला आली तर रेंच आकड्यापेक्षा कमी लावतोय. वॉरंटीत असेल तर परत करा.

वजन खाली पडून पायावर येऊ नये म्हणून जमिनीपासून चार बोटंच वर टांगा.

कामाच्या ठिकाणी वापरायच्या रेंचसाठी १२ महिने किंवा ५,००० कट्ट, जे आधी होईल ते, अशी कॅलिब्रेशनची रीत आहे. घरच्या रेंचला ५,००० व्हायला आयुष्य जाईल. पण तो सिमेंटच्या जमिनीवर डोक्यावर आपटला, तर वर्षाची वाट न बघता लगेच तपासा. पुण्याच्या पिंपरी-चिंचवड, भोसरी भागात कारखान्यांमुळे एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळा आहेत. तिथे न्याल तेव्हा दुरुस्तीआधीची आणि दुरुस्तीनंतरची अशी दोन्ही वाचनं लिहून मागा. आधीची वाचनं १० टक्क्यांच्या वर चुकलेली दिसली, तर मागच्या खेपेला त्या रेंचने जे जे आवळलं, ते सोडवून पुन्हा आवळायचं. सुरुवात चाकांपासून.